चालत येणाऱ्या पोरी

रोज उजाडता उजाडता आमच्या दारात रिक्षा येऊन उभी राहते. रिक्षावाला माझ्याच बालवाडीत नाक पुसायला शिकलेला, त्यामुळे तो हॉर्न वाजवत नाही, नुसता खोकतो. मी चपला घालते, काठी घेते आणि त्याच्या रिक्षातून कालव्याच्या तोंडापर्यंत जाते. तिथे जुना दगडी धक्का आहे. धक्क्यावर उतरून कालव्याच्या काठाकाठाने मी चालत घरी येते. बाकीची मंडळी जाऊन-येऊन चालतात. त्यांच्या मनगटावर पावलं मोजणारी घड्याळं असतात, आणि माझ्यासारख्या म्हातारीने अर्धाच रस्ता चालावा हे त्यांना पसंत नाही. “बाई, जाताना रिक्षा आणि येताना पाय, हा कुठला व्यायाम?” असं बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मला दर आठवड्याला नव्याने विचारतात. मी गुडघ्यांकडे बोट दाखवते. गुडघे दुखतात हे खरंच आहे, पण ते कारण अर्धंच. उरलेलं अर्धं कुणाला सांगितलं नव्हतं, ते इथे लिहून ठेवते.

वाट सोपी आहे, याबद्दल दुमत नको. चढ नाही, उतार नाही, मध्ये एकच वळण. दोन वर्षांपूर्वी काठावर लाद्या बसवल्या, बाकडी आली, दिव्याचे खांब आले. धक्क्यापाशी ‘ऐतिहासिक कालवा’ असा मोठा फलक लावला, त्याखाली ‘कचरा टाकू नये’ असं लिहिलं आणि त्याखाली लोकांनी कचरा टाकला. कालवा कुणी खणला हे फलक लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं, कारण त्याने ‘प्राचीन काळी’ एवढ्यावर भागवलंय. आमची म्हातारी माणसं सांगत की गोऱ्या साहेबाने मिठासाठी खणला. दुसरे काही सांगत की साहेब यायच्या आधीही तो होताच, साहेबाने नुसता रुंद केला. आता त्याच्या तोंडावर मातीचा बांध आहे, बांधात एक पाइप आहे, आणि आत हिरवं पाणी जागच्या जागी उभं असतं. त्यात भरती येत नाही, ओहोटी होत नाही. कालवा जिवंत होता तेव्हा त्याच्याकडे कुणी बघितलं नाही आणि मेल्यावर त्याच्या काठाला दिवे लावले. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

माझ्या लहानपणी तो कालवाच आमचा रस्ता होता. धरमतरच्या खाडीतून तो आत शिरायचा आणि आमच्या पाड्यापाशी येऊन संपायचा. खाडीकडून येताना डाव्या हाताला मिठागरं, उजव्या हाताला खाऱ्या जमिनीतली भातशेती. मीठ न्यायला मचवे यायचे, भात न्यायला होड्या यायच्या, आणि बाजार, पाहुणे, नवरी, सगळं पाण्यावरूनच यायचं. काठावरून पायवाट होती, पण ती गुराखी, मिठागरातले मजूर आणि कुत्री यांच्यासाठी. आमच्या घराच्या पुढच्या दारात उभं राहिलं की पाणी दिसायचं, मागच्या दारातून मीठ दिसायचं. भरती चढायला लागली की कालवा बोलायचा. दगडांच्या फटींतून पाणी शिरताना एक बारीक गुळगुळ आवाज यायचा आणि आय चुलीपुढून न उठता म्हणायची, “पानी आलं बग.” घड्याळ आमच्याकडे नव्हतं, आणि त्यामुळे काही अडल्याचं मला आठवत नाही.

आय आणि बा दोघंही मिठागरात. दिवाळीनंतर वाफे तयार करायचे, आत पाणी घ्यायचं, आणि मग होळीच्या सुमारापासून पाऊस येईपर्यंत मीठ ओढायचं. फावड्याने मीठ ओढतानाचा तो खरखर आवाज सबंध दुपारभर चालायचा. आय डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायची. संध्याकाळी तिच्या मानेवर पांढऱ्या रेघा असायच्या आणि पायांच्या भेगांत मीठ बसलेलं असायचं. ती खोबरेल तेल चोळत बसायची आणि आम्ही कुणी तिच्याशी बोलायचो नाही, कारण त्या वेळी ती रागीट असायची. त्यामुळे मला वाढवलं ते येसूने. येसू माझी थोरली बहीण. आम्हा दोघींच्या मध्ये झालेली भावंडं जगली नाहीत, म्हणून आमच्यात बरंच अंतर होतं. ती मला नावाने हाक मारायची नाही, ‘बारके’ म्हणायची. आज माझे केस पिकले, दात निम्मे गेले, तरी कुणी रस्त्यात ‘ए बारके’ म्हणून दुसऱ्याच कुणाला हाक मारली तरी मी वळून बघते.

येसू दिसायला साधी होती, पण तिच्या हाताला चव होती. सुक्या जवळ्यात कांदा आणि चिंचेचा कोळ घालून ती जे काही करायची, त्यावर मी तांदळाच्या तीन भाकऱ्या खात असे. थंडीत वालाला शेंगा आल्या की ती पोपटी लावायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, वर जाडं मीठ, मडकं उपडं घालून भोवती जाळ. आता पोपटीला हॉटेलवाल्यांनी कोंबडी, अंडी, काय काय आत कोंबून मोठं प्रस्थ करून ठेवलंय. आमची पोपटी म्हणजे शेंगा आणि मीठ, आणि मीठ आमच्याच वाफ्यातलं. मडकं फोडलं की येसू पहिली मूठ माझ्या ओच्यात टाकायची आणि म्हणायची, “फुकून खा, जीभ भाजल.” माझी जीभ दर वर्षी भाजायची.

आता दोराचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या पाड्यात मुलीचं लग्न ठरलं की बाप काथ्याचा नवा दोर वळायचा. लग्न लागलं, धवलारणीने लग्नाची गाणी, धवले, गाऊन घसा बसवून घेतला, की नवरीला होडीत बसवायचं. पण कालव्यातून होडी वल्हवायची नाही. माहेरच्या माणसांनी काठावरून चालत, त्या दोराने ती ओढत तोंडापर्यंत न्यायची. धक्क्यापाशी दोर सोडायचा, तिथून पुढे सासरच्यांची वल्ही. दोर परत घरी आणून आढ्याला टांगून ठेवायचा. मग मुलगी पहिल्या बाळंतपणाला यायची, तेव्हा बापाने धक्क्यावर जाऊन तोच दोर होडीला बांधायचा आणि तिला ओढत घरी आणायची. बाळ जन्मलं की त्याच दोराने पाळणा बांधायचा. मग दोर मोकळा झाला, गुरांना बांधा नाहीतर विहिरीला लावा. पाड्यातल्या ज्या घराच्या आढ्याला दोर दिसे, त्या घरची लेक सासरी आहे आणि अजून बाळंतपणाला यायची आहे, हे सांगावं लागत नसे.

आणि ह्याचीच दुसरी बाजू अशी की जी मुलगी काठाकाठाने पायी घरी येई, तिला नवऱ्याने टाकलेली समजत. आमच्याकडे ‘चालत आली’ एवढंच म्हणायचे. कुणाची पोर चालत आली म्हटलं की बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या आणि एकही शब्द न बोलता तिला घरापर्यंत जाताना बघायच्या. मी लहानपणी अशी एक पाहिली होती, पाड्याच्या टोकाच्या घरातली. बगलेत बोचकं होतं आणि ती सबंध काठभर मान खाली घालून आली. तिच्या बापाने त्या दिवसापासून डोईचं मुंडासं सोडलं, ते पुन्हा बांधलं नाही. बा त्या दिवशी जेवताना म्हणाला होता, “आसा दिस दुश्मनाला नको.”

येसूचं लग्न खाडीपलीकडे, रेवसच्या अलीकडच्या एका गावात ठरलं. भातशेतीची माणसं, बरी होती. बाने अंगणात बसून दोर वळला. एरवी त्याचे हात मिठाने फुटलेले असत, त्या दिवसांत काथ्याने आणखी फुटले. शेजारी विचारत, “धर्मा, एवढा जाड कनाला? पोर नेतोस का मचवा?” आणि बा म्हणे, “येताना दोन जीव आसतील.” येसू आत भाकरी थापत होती, ती लाजली आणि भाकरी तव्यावर दुमडून पडली. लग्नाच्या दिवशी पौर्णिमेचं उधाण होतं, कालवा काठोकाठ भरला होता. बा आणि माझा काका दोर खांद्यावर घेऊन पुढे, मी त्यांच्या मागे दोराला नुसता हात लावून, आणि होडीत येसू, पिवळ्या साडीत, रडून रडून नाक लाल झालेली. होडी एवढी हलकी चालली होती की काका म्हणाला, हिला तर बारकी एकटी ओढील. धक्क्यावर दोर सोडला तेव्हा येसूने माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. मी रडू नये म्हणून ती नेहमी करायची तसंच. मी रडले ती रडलेच.

त्यानंतर आमची मिठागरं बंद पडली. मालक मुंबईला असत, त्यांनी हात काढून घेतला, का ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. बा कंपनीत हमालीला जाऊ लागला, ट्रकच्या मागे बसून. घरात रोजचा पैसा आला, घासलेटचा स्टोव्ह आला, आयच्या पायाच्या भेगा बुजल्या. पण एक गोष्ट झाली, जिच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. मिठागरं चालू असताना दर दिवाळीनंतर मालकाची माणसं कालव्यातला गाळ काढायची. सगळा पाडा कमरेएवढ्या चिखलात उतरायचा. मिठागरं बंद झाली तसा गाळ काढायचा राहिला. खाडी रोज दोन वेळा चिखल घेऊन येतच होती. वरून बघणाऱ्याला मात्र पाणी तेच दिसत होतं.

येसूला दिवस गेले. सातव्या महिन्यात आणायचं ठरलं होतं, पण सासरी कापणी निघाली, मग झोडणी निघाली, सासू आजारी पडली, आणि आज-उद्या करता करता नववा लागला. अखेर निरोप आला की दशमीला या. मला भाऊ नाही, म्हणून बाबरोबर मुराळी म्हणून मी गेले. नवा परकर घालून, पाहुणचार झोडायला. दशमी म्हणजे भांगाचे दिवस. आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं की अमावास्या-पौर्णिमेला पाणी उधाणाचं, आणि अष्टमीच्या आसपास भांगाचं, कमी चढणारं. काकाने निघताना बाला म्हटलंही, “दादा, भांग हाय. चार दिस थांब, पुनवेला आन.” बा म्हणाला, “पोर दिसात आलीय, चार दिस कुटं थांबनार? आनि ह्या कालव्यात भांगालाबी मचवे आलेत, आपल्या डोल्यांनी बगलेत.” ते खरं होतं. मचवे त्याने बघितले होते, पण ते गाळ काढलेल्या कालव्यात.

आम्ही पहाटे येसूच्या सासरहून निघालो. तिच्या सासऱ्याने होडीबरोबर आपले दोन गडी दिले होते. येसू होडीच्या मध्यभागी गोधडीवर बसली होती. तिचा चेहरा सुजला होता, पायही सुजले होते, पण ती खुशीत होती. तिने माझ्यासाठी तीळ लावलेल्या तांदळाच्या वड्या आणल्या होत्या आणि खाडीभर ती मला घरातल्या एकेकाची चौकशी करत होती. कोंबडीने अंडी घातली का, आय अजून तिच्या जागेवर कुणाला निजू देते का, वालाला शेंगा धरल्या का. शेंगा धरल्यात म्हटल्यावर ती म्हणाली, “मग मी बसल्या बसल्या सांगन, तू पोपटी लाव. शिकून घे आता.” मध्येच ती गप्प व्हायची आणि माझा हात घट्ट धरायची. मला वाटायचं लाटेला घाबरते आहे.

धक्क्यावर पोचलो तेव्हा काका दोर घेऊन उभा होता. ऊन नुकतं कोवळं आलं होतं. गड्यांनी होडी धक्क्याला लावली आणि येसूने वर बघितलं. तो धक्का, त्याच्या त्या चार गुळगुळीत पायऱ्या, आणि तिथून सरळ आमच्या घराकडे जाणारी पायवाट. तिने बाला हाक मारली. तिचे शब्द मी तेव्हापासून तसेच्या तसे धरून आहे.

“बा, मला हितंच उतरव. चालत येते मी.”

बाला आधी वाटलं ती थट्टा करते आहे. “चालत?”

“बसून बसून कंबर मोरली. हलू हलू येते. एवढंसं तर हाय.”

बाने काकाकडे बघितलं, मग सासरच्या गड्यांकडे बघितलं. तो काही रागावला नाही. रागावला असता तर मला आज बरं वाटलं असतं. तो हसला, येसूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “चालत येतात त्या टाकलेल्या, माजे बाय. तुला कुनी टाकलीय? आयनं दारात पानी घेऊन वाट बघायची आनि तू काठाकाठानं येशील? गप बस. तुला रानीसारखी नेतो.” आणि त्याने दोराचं टोक स्वतःच्या हाताने होडीला बांधलं. येसू परत बोलली नाही. बापाने एवढ्या हौसेने वळलेला दोर, त्याला नको म्हणायचं तिला जमलं नसणार. वेणा पहाटेपासूनच सुरू झाल्या होत्या, हे तिने आम्हाला कुणालाच सांगितलं नाही. बाप आणि परके गडी समोर असताना असलं काही बोलायची आमच्याकडे रीत नव्हती.

बा आणि काका काठावरून ओढत, मी येसूजवळ होडीत, अशी होडी वळणापर्यंत नीट आली. वळणावर खालून एक घसटल्यासारखा आवाज आला आणि ती थांबली. बाने आणि काकाने जोर लावला, गड्यांनी वल्ही रोवून रेटलं, होडी जराशी सरकली आणि आणखी घट्ट बसली. तेव्हा होडीपासून काठापर्यंत अजून पाणी होतं. एखाद्या फळीवर तरंगवत, कसंही करून तिला काठावर नेता आलं असतं. पण बा म्हणाला, “थांबा. पानी आजून चढंल.” बा खाडीवर जन्मलेला माणूस. पाणी कधी चढतं आणि कधी उतरतं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या दिवशी मात्र त्याला ते चढायलाच हवं होतं, म्हणून ते चढेल असं त्याला दिसत राहिलं. आम्ही थांबलो. मी वडी खाल्ली. मग काठाच्या एका दगडाकडे माझं लक्ष गेलं, मघाशी तो पाण्याखाली होता आणि आता त्याचा माथा ओला चमकत होता.

येसू तेव्हा ओरडली.

त्यानंतर पाणी झपाट्याने गेलं आणि मागे चिखल राहिला. ज्याने तो चिखल पाहिला नाही त्याला हे पटणार नाही की घरची कौलं दिसताहेत, चुलीचा धूर दिसतोय, आणि तरी घरी जाता येत नाही. त्यात पाय टाकला की माणूस मांडीपर्यंत जातो, हलला की कमरेपर्यंत. एक गडी उतरला, त्याला दोर टाकून बाहेर ओढावा लागला. बा काठावरून दोर ओढत होता. होडी हलत नव्हती आणि तो ओढतच होता, एकटा, काकाने सोडला तरीही. आय धावत आली. ती काठावर उभी राहून येसूला नुसतं “श्वास घे, श्वास घे” सांगत होती. पाड्यातल्या माणसांनी घरांची दारं काढून आणली. आमचं दार, शेजारच्यांचं दार, देवळाच्या पडवीची फळी, जे मिळेल ते चिखलावर एकापुढे एक टाकलं. सुईण त्या दारांवरून पोटावर सरपटत होडीपर्यंत आली. म्हातारी होती, तिला दम लागला होता, पण होडीत चढताच तिने मला सांगितलं, “तू तिच्या डोक्याशी बस, आनि तिच्याशी बोलत राहा.” मी काय बोलले ते मला आठवत नाही. पोपटीचं काहीतरी बोलले असेन.

पोर जन्मली, रडली. काठावरून कुणीतरी “काय झालं” विचारलं आणि सुईणीने “लक्षुमी” म्हणून ओरडून सांगितलं. येसूने तिला बघितलं, हे नक्की, मी शेजारी होते. पण रक्त थांबेना. तिला आमच्याच घराच्या दारावर घालून, चिखलावरच्या बाकीच्या दारांवरून सरकवत काठावर घेतली, तिथून चौघांनी ते दार खांद्यावर घेतलं आणि काठाच्या पायवाटेने तिला घरी आणली. वळणापासून घरापर्यंत. आणली तेव्हा ती नव्हती.

ही वाट सोपी आहे हे मी आधीच सांगितलंय. मी रोज धक्क्यापासून घरापर्यंत तेवढीच चालते, येसूने मागितली होती तेवढी. माझ्या वयाच्या, दुखऱ्या गुडघ्याच्या बाईला त्यात दमसुद्धा लागत नाही. मी वळणावरच्या बाकड्यावर कधी बसत नाही. बँकेतले गृहस्थ म्हणतात, छान जागा आहे, वारा येतो.

तेरावं जवळ आलं तशी पाळणा बांधायची वेळ आली. आय म्हणाली, “तो दोर चुलीत घाला.” बाने दोर धुतला, चार दिवस उन्हात वाळवला आणि त्याच दोराने पाळणा बांधला. बांधताना त्याच्या तळहाताच्या जखमा पुन्हा फुटल्या. आयने त्याच्याशी पावसाळा येईपर्यंत बोलणं टाकलं. पुढे बोलू लागली, कारण एका घरात राहून, एका पोरीला वाढवून किती दिवस गप्प राहणार. पण मला वाटतं तिने त्याला माफ केलं नाही. मी केलं का, ते मला आजही धड सांगता येत नाही. मला बा फार आवडायचा. येसूही आवडायची. ह्या दोन गोष्टी मी आयुष्यभर एकीला दुसरीचा धक्का न लावता जवळ बाळगल्या, आणि त्याचा थकवा मला गुडघ्यांपेक्षा जास्त आहे.

पोरीचं नाव मंदा ठेवलं. तिचा बाप तिला बघायला दोन-तीनदा आला, मग त्याने दुसरं लग्न केलं आणि ती आमचीच झाली. बा तिला खांद्यावर घेऊन सगळीकडे हिंडायचा, फक्त कालव्याकडे जायचा नाही. बाजारात जायचं तर शेतांतून लांबचा वळसा घ्यायचा. पाड्यात त्यानंतर कुणी दोर वळला नाही. तशीही गरज राहिली नाही, रस्ता आला, टेम्पो आले, पोरी जीपमधून सासरी जाऊ लागल्या. तोंडावर बांध पडला तेव्हा कालव्यातलं पाणी बोलायचं थांबलं. आय चुलीपुढे बसून त्या वेळेला कान द्यायची आणि मग उठायची. मी बालवाडीत लागले. माझं लग्न झालं नाही. त्याची कारणं निराळी आहेत आणि ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

मंदा मोठी झाली, पाली-बाजूला दिली. पहिल्या बाळंतपणाला तिला आणायचं ठरलं तेव्हा बा पार म्हातारा झाला होता. कानाने कमी, काठीशिवाय उठता येत नव्हतं. मी मंदाला आणायला गेले होते. जावयाने जीप केली होती. खाडीकडच्या रस्त्याने येताना धक्क्यापाशी आलो आणि मी पाहिलं तर बा धक्क्याच्या वरच्या पायरीवर बसलेला. त्याने डोक्याला धुतलेलं मुंडासं बांधलं होतं. त्या जागेवर त्याला मी येसू गेल्यापासून कधी बघितलं नव्हतं. घरून तिथवर तो एकटा कसा आला, हेही मला कळेना. त्याने काठी आडवी धरून जीप थांबवली.

“हितं उतर,” तो मंदाला म्हणाला.

जावई बिचारा गोंधळला. “आजोबा, रस्ता पार दारापर्यंत हाय की.”

“ठावं हाय मला. तू गारी घेऊन फुडं हो. आमी चालत येतो.”

मंदा माझ्याकडे बघू लागली. तिला तिच्या जन्माची गोष्ट ठाऊक होती, पण धक्क्यावर येसू काय बोलली आणि बाने काय उत्तर दिलं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी मान हलवली. ती उतरली. बाने एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात तिचा हात धरला, आणि ते दोघं काठाच्या पायवाटेने चालू लागले. मी तिची पिशवी घेऊन मागून. जीप पुढे पोचली तशी पाड्यात बातमी गेली. बायका दारात आल्या. तरुण सुनांना काही कळत नव्हतं, पण म्हाताऱ्या होत्या त्यांना कळत होतं. पोर काठाने चालत येते आहे आणि बाप नव्हे, आजा तिचा हात धरून, मुंडासं बांधून, मान वर करून येतो आहे. एक म्हातारी दारातून निघून काठावर येऊन उभी राहिली. मग दुसरी आली. आय आमच्या दारात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती, तिने पदर दातांत धरला होता.

वळणावर मंदा थांबली. तिला धाप लागली होती, तिने कमरेवर हात ठेवला आणि विचारलं, “आजा, आजून लांब हाय का?”

बाने कालव्याकडे बघितलं. तिथे हिरवं पाणी होतं, त्यावर पाणकोंबड्या होत्या. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, त्या दिवशी येसूच्या ठेवला होता तसाच.

“नाय गो बाय,” तो म्हणाला. “एवढंसं तर हाय.”